आपले पुस्तक, आपल्या हाताने

(पुस्तकबांधणी आणि ठसेछपाईच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



आज आपला वर्ग सुरू होत आहे. समोर सतरंजीवर सामान मांडले आहे. सुई आहे, दोरा आहे, मेणाचा गोळा आहे. मैद्याची खळ आहे, पुठ्ठे आहेत, कागद आहेत. लाकडाच्या गुळगुळीत फळ्या आहेत, कोरायची हत्यारे आहेत आणि काळी शाई आहे. हा शिवणाचा वर्ग की सुतारकामाचा, असे कुणाच्याही मनात येईल. मंडळी, हा पुस्तकाचा वर्ग आहे. या सामानातून आपण वही शिवायला शिकणार, पुस्तक बांधायला शिकणार, आणि स्वतः कोरलेल्या ठशाने त्यावर चित्र आणि नाव छापायला शिकणार.

आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा लोक विचारतात, "वही दुकानात मिळते. पुस्तक बाजारात मिळते. मोबाईलवर तर सगळेच दिसते. मग हा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. दुकानात लाख पुस्तके मिळतील. पण तुमच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचे पुस्तक कोणत्या दुकानात मिळेल? तुमच्या गावची विहीर कोणी खणली, कोणत्या साली पाऊस दगा देऊन गेला, कोणत्या शेतात कोणते बियाणे चालले, हे कोण छापून देईल? ते पुस्तक तुम्ही केले तरच होईल. दुसरा कोणी ते करणार नाही.

बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते. पण लिहिलेला कागद सुटा असला तर तोही आज ना उद्या हरवतो. शिवलेला कागद टिकतो. एवढीच गोष्ट आज सांगायची आहे. ती पटावी म्हणून आपल्याच खानदेशातली तीन उदाहरणे देतो.

धुळ्याच्या तुरुंगातले पुस्तक

१९३२ साल. इंग्रजांचे राज्य होते. स्वातंत्र्याच्या चळवळीतली पुष्कळ माणसे धुळ्याच्या तुरुंगात होती. विनोबा भावे त्यांत होते. साने गुरुजीही होते. तुरुंगातल्या सोबत्यांसाठी विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला शेवटचे. गीतेचे अध्याय अठरा, तसे रविवारही अठरा.

विनोबा समोर कागद ठेवून वाचत नव्हते. ते बोलत होते. बोलणे संपले की शब्द हवेत विरून गेले असते. पण साने गुरुजी खाली बसून लिहून घेत होते. विनोबा बोलत आणि गुरुजींचा हात चाले. त्या लिहिण्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. पुढे ते भारतातल्या कितीतरी भाषांत गेले. आज ते कोणाच्याही घरात असू शकते.

त्या अठरा रविवारी लिहून घेणारा कोणी नसता, तर काय राहिले असते? तुरुंगातल्या काही माणसांच्या आठवणी राहिल्या असत्या, आणि ती माणसे गेल्यावर त्याही गेल्या असत्या.

जळगावच्या बहिणाबाई

दुसरे उदाहरण तुम्हांला ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. शेतात राबल्या, घरात राबल्या. त्यांना लिहिता येत नव्हते, वाचता येत नव्हते. पण काम करता करता त्यांच्या तोंडून गाणी निघत. दळताना निघत, शेतात निघत, चुलीपाशी निघत. ती गाणी आपल्या खानदेशी बोलीत असत.

त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी होते. ते आणि त्यांचे एक भाऊबंद यांनी ही गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. मग ती गाणी आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली. ती जगापुढे आलीच पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिच्या नावाच्या विद्यापीठात हजारो मुले शिकतात.

आता दुसरी बाजू पाहा. जी गाणी कोणी उतरवून घेतली नाहीत, ती कुठे आहेत? ती बहिणाबाईंबरोबर गेली. तुमच्या घरातही अशी एखादी माय असेल, आजी असेल, मावशी असेल. कानबाईची गाणी तिला पाठ असतील. लग्नातली गाणी पाठ असतील. अहिराणीतल्या म्हणी तिच्या जिभेवर असतील. ती आहे तोवर तुमच्याजवळ वेळ आहे. बहिणाबाईंच्या घरी लिहिणारा मुलगा होता. तुमच्या घरी लिहिणारे आता तुम्ही आहात.

सुटे कागद

तिसरे उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा करण्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. वाड्यांच्या माळ्यावर, देवळांत, जुन्या पेट्यांत त्यांनी कागद शोधले. कुठे कागदांना वाळवी लागली होती. कुठे पावसाने त्यांचा लगदा झाला होता. जे हाती आले ते त्यांनी नकलून काढले, छापले आणि पुस्तकरूपाने बांधले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड झाले. पहिला खंड १८९८ साली निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये धुळ्यात उभे राहिले.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तिथे रामदासी पंथाची जुनी बाडे जपून ठेवली आहेत. बाड म्हणजे हाताने लिहिलेली, शिवलेली वही. मठामठांतून लोकांनी ती लिहिली आणि शिवली. म्हणून इतक्या वर्षांनी ती वाचता येतात. पोथीचे कागद सुटे असतात. म्हणून वर-खाली फळी ठेवून पोथी कापडात गच्च बांधतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही अशाच कापडी रुमालांत बांधलेले आहेत. आणि आपल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याची लाल कापडाची चोपडी तर सगळ्यांनी पाहिली आहे. दिवाळीला तिची पूजा होते. कागद राखण्याच्या या सगळ्या तऱ्हा आपल्याच आहेत.

आपला कागद, आपली छपाई

कागद आणि छपाई ही शहराची विद्या आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपल्या एरंडोलला आणि यावलला पूर्वी हाताने कागद बनत असे. दोन्ही गावे त्यासाठी नावाजलेली होती. फैजपूरचे रंगारी आणि तिथले छापील कापड प्रसिद्ध होते.

हाताचा कागद कसा होतो ते थोडक्यात सांगतो. चिंध्या, जुने गोणपाट, ताग असा माल बारीक तोडायचा. चुन्याच्या पाण्यात कुजवायचा. मग कुटायचा आणि धुवायचा, पुन्हा कुटायचा आणि धुवायचा. त्याचा मऊ लगदा होतो. तो हौदात पाण्यात कालवायचा. बारीक काड्यांची चाळणी त्यात बुडवून वर उचलायची. पाणी गळून जाते आणि लगद्याचा पातळ थर चाळणीवर राहतो. तोच कागद. तो दाबून पाणी काढायचे, भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग त्यावर खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला म्हणजे शाई फुटत नाही. हे काम करणाऱ्यांना कागदी म्हणत.

पुढे गिरणीचा कागद आला. तो स्वस्त होता आणि हवा तेवढा मिळे. हाताच्या कागदाचे गिऱ्हाईक तुटले. कागदी लोकांचा धंदा बसला. महात्मा गांधींनी ग्रामोद्योगांची चळवळ सुरू केली तेव्हा हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. पुण्याला १९४० मध्ये हातकागदाची संस्था निघाली. कापूस आपल्या शेतात पिकतो, चिंध्या घरोघर पडतात. केळीच्या खोडाच्या धाग्यापासूनही कागद होतो, आणि केळी तर आपल्या जळगाव जिल्ह्यात उदंड आहे.

पहिली वही

आता कामाकडे वळू. पहिल्या दिवशी आपण एक लहान वही शिवणार आहोत. ती कशी, ते नीट ऐका. मग हाताने करून पाहा.

आठ कागद घ्या. ते एकावर एक नीट जुळवा आणि मधोमध घडी घाला. घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा. आठ कागदांची सोळा पाने झाली, म्हणजे बत्तीस पृष्ठे. बाहेरून एक जाड कागद तसाच दुमडून घाला. तो वहीचा अंगरखा.

आता वही मधोमध उघडा. घडीच्या रेषेवर तीन भोके पाडायची आहेत. एक बरोबर मध्ये, एक वरच्या टोकापासून दोन बोटे खाली, एक खालच्या टोकापासून दोन बोटे वर. भोके आरीने किंवा जाड सुईने पाडा. वहीच्या उंचीच्या अडीच पट दोरा घ्या. तो मेणावरून ओढा. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि लवकर कुजत नाही.

सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. दोऱ्याचे टोक आत वीतभर सोडा. बाहेरून वरच्या भोकात सुई घालून आत आणा. आता मधले भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर जा. मग बाहेरून मधल्या भोकातून पुन्हा आत या. दोऱ्याची दोन्ही टोके आता आत, मधोमध आली. मधून जो लांब टाका गेला आहे, त्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे टोक घ्या. दोरा ताठ ओढा आणि गाठ मारा. झाली वही.

बघा, तीन भोके आणि एक गाठ. ज्या बाईने गोधडी शिवली आहे तिला हे एकदा पाहिल्यावर येईल.

पुठ्ठ्याचे पुस्तक

जाड पुस्तक एका घडीत मावत नाही. त्यासाठी अशा घड्या पुष्कळ करतात. एका घडीला जुज म्हणतात. सगळी जुजे एकावर एक रचायची आणि एकमेकांना दोऱ्याने जोडत शिवायची. याला जुजबंदी म्हणतात. जुजबंदीचे पुस्तक सपाट उघडते आणि त्याची पाने सुटत नाहीत. बाजारातली पुष्कळ स्वस्त पुस्तके नुसती पाठीला सरस लावून चिकटवलेली असतात. म्हणून दोनदा उघडली की पाने हातात येतात.

कागदाला धार असते, हे ध्यानात ठेवा. लाकूड उभ्या रेषेने सहज चिरते, आडवे चिरत नाही. गिरणीच्या कागदाचेही तसेच आहे. एका दिशेने तो सहज दुमडतो. दुसऱ्या दिशेने दुमडला तर घडी फाटल्यासारखी खरबरीत होते. पहिल्या लहान वहीला कोणताही कागद चालेल. पण मोठ्या पुस्तकाला कागद आणि पुठ्ठा यांची धार पाठीच्या बाजूने, म्हणजे वरून खाली गेली पाहिजे. नाहीतर पुस्तक पापडासारखे वाकते.

खळ घरी होते. एक भाग मैदा घ्या. आधी थोड्या गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. मग एकूण पाच-सहा भाग पाणी होईल असे पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पिठाचा पांढरेपणा जाऊन खळ जराशी पारदर्शक दिसली की उतरवा. गार झाल्यावर वापरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खळ एका दिवसात आंबते. म्हणून लागेल तेवढीच करा. कोणी कोणी किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. लहान मुलांच्या घरात ते नकोच.

पुस्तकाला पुठ्ठे लावले, कापड चढवले, की ते उन्हात ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. ऊन लागले की पुठ्ठा वाकतो. सावलीत दोन फळ्यांमध्ये ठेवा आणि वर पाटा ठेवा. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी पुस्तक सरळ झालेले असते.

अंगठा आणि ठसा

आता छपाई. छपाई काय असते हे तुम्हांला आधीच माहीत आहे. पोळ्याच्या दिवशी बैल धुतो, शिंगे रंगवतो, आणि अंगावर रंगाचे छाप उठवतो. वाटीची कड रंगात बुडवली आणि बैलाच्या अंगावर दाबली, की गोल उठतो. हीच छपाई. ज्या उंच भागाला रंग लागतो तो उमटतो. खोल भाग कोरा राहतो.

दुसरे उदाहरण अंगठ्याचे. आपल्यापैकी कितीजणांनी सोसायटीत, बँकेत, तलाठ्याकडे अंगठा उठवला आहे! अंगठ्यावरच्या रेषा उंच असतात. त्यांना शाई लागते. मधल्या खाचा कोऱ्या राहतात. कागदावर ठसा उमटतो. अंगठा म्हणजे देवाने कोरलेला ठसाच. पण तो उठवताना कागदावर काय लिहिले आहे, हे आपल्याला वाचता येत नव्हते. दुसरा वाचून दाखवील त्यावर भरवसा ठेवावा लागे. त्या भरवशाने किती घरांची शेते गेली, हे तुम्हांला सांगायला नको. आता त्याच हाताने आपण अक्षर कोरायचे आहे, आणि छापण्याआधी ते वाचायचे आहे.

ठसा कोरताना एक गंमत होते. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का हातात घेऊन पाहा. त्यावरची अक्षरे उलटी असतात. कागदावर मात्र सुलटी उमटतात. म्हणून आपल्यालाही अक्षर उलटे कोरावे लागते. सोपी युक्ती सांगतो. पातळ कागदावर नाव सुलटे लिहा. कागद पालथा करून उजेडाला धरा. मागून जे उलटे अक्षर दिसते, तेच फळीवर उतरवा. मग आरसा समोर धरा. आरशात नाव सरळ वाचता आले, तर खुशाल कोरा.

लाकूड सागाचे किंवा शिसमाचे चांगले. नवशिक्याने लिनोलियमचा तुकडा घ्यावा, तो मऊ असतो. कोरताना हत्यार नेहमी अंगापासून दूर चालवा. दुसरा हात हत्याराच्या वाटेत येऊ देऊ नका. छापखान्याची घट्ट शाई काचेवर घ्या. रबरी रुळाने ती पातळ पसरा. रूळ ठशावरून फिरवा. वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. मग एका कोपऱ्यातून कागद हळूच उचला. एका ठशातून शंभर छाप निघतात.

या साध्या कामात मोठमोठे कलावंत रमले आहेत. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते. त्यांनी बांबू आणि खेड्यात मिळणारे सामान वापरून सारे नगर सजवले. याच नंदलाल बोस यांनी १९३० साली लिनोलियमवर गांधीजींचे चित्र कोरले होते. दांडीयात्रेला निघालेले, हातात काठी घेतलेले गांधीजी. काळ्यावर पांढऱ्या रेषा, एवढेच ते चित्र. पण ते देशभर ओळखीचे झाले. त्याच साली रवींद्रनाथ ठाकूर यांची बंगाली मुळाक्षरांची पुस्तके निघाली. त्यांतली चित्रेही नंदलाल बोस यांनी अशीच कोरली होती. अक्षर शिकणाऱ्यासाठी एवढ्या मोठ्या कलावंताने ठसे कोरले, हे आपण लक्षात ठेवावे.

वहीत काय लिहायचे

वही शिवली, वर नाव छापले. आत काय? कोरी वही देवळीत ठेवून उपयोग नाही. नवे शिकलेले अक्षर वापरले नाही तर विसरते. विळा वापरला नाही तर गंजतो, तसेच.

पहिली वही हिशोबाची करा. बी किती, खत किती, मजुरी किती, मालाचे किती आले. महिना संपला की बेरीज करा. बचत गटाची वहीही अशीच शिवा. पाने शिवलेली असली की मधले एखादे पान काढून घेणे सोपे राहत नाही. काढले तर शिवण सैल पडते आणि लगेच कळते. पानांना आकडे घाला, म्हणजे आणखी पक्के.

दुसरी वही शेताची करा. पाऊस कधी आला, पेरणी कधी झाली, कीड कोणती पडली, काय केल्याने गेली. पाच वर्षांनी ही वही तुम्हांला चार गोष्टी सांगेल.

तिसरी वही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. त्यांच्यापाशी बसा. त्या जसे बोलतात तसेच लिहा. अहिराणी असेल तर अहिराणी लिहा. शब्द शुद्ध करायला जाऊ नका. वरच्या पुठ्ठ्यावर 'मन्ही माय' एवढेच छापा. पुरे आहे. गावात लिहिणारे चार-पाच जण असतील तर मिळून गावाचे हस्तलिखित काढा. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून दैनिक काढीत. छापखाना नव्हता म्हणून त्यांचे अडले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जमिनीचे खरेदीखत, दाखले, बँकेची कागदपत्रे यांना भोके पाडू नका. खळ लावू नका. चिकटपट्टीही लावू नका, ती पुढे पिवळी पडते आणि कागद खाते. अशा कागदांच्या झेरॉक्स काढा आणि त्या प्रती शिवून ठेवा. मूळ कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा. पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा. वाळवी कळवून येत नाही.

पोटापाण्याचे काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. खरे सांगतो. या कामावर वर्षभर घर चालेल, असे वचन आम्ही देत नाही. छापखान्याची यंत्रे वेगाने वह्या करतात. त्यांच्याशी हाताने बरोबरी होणार नाही. पूर्वी छापखान्यांत खिळे जुळवणारे जुळारी असत. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ते ओळ लावीत. संगणक आला आणि ते काम जवळजवळ संपले. यंत्रापुढे हाताचे काय होते, ते आपण पाहिले आहे.

पण यंत्र करत नाही अशी कामे गावात आहेत. शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तके आहेत. पंचायतीची जुनी दप्तरे आहेत. भजनी मंडळाच्या वह्या, देवळातल्या पोथ्या, मुलांची वरच्या वर्गाकडून आलेली पुस्तके आहेत. त्यांची डागडुजी गावातच झाली तर चार पैसे गावात राहतील. हात चांगला बसला तर हातकागदाच्या वह्या, ठशाने छापलेल्या पत्रिका यांना शहरातून गिऱ्हाईक मिळू शकते. शेतीला जोड म्हणून हे काम धरा. त्यापेक्षा मोठी आशा धरून कोणी शेत सोडू नये.

मंडळी, मोबाईललाही आमचा विरोध नाही. आजीचा आवाज त्यात जरूर भरून ठेवा. पण मोबाईल फुटतो, हरवतो, जुना होतो. वहीला वीज लागत नाही. ती नातवाच्या हातात देता येते, आणि त्याला ती उघडताच वाचता येते.

या वर्गातून जाताना प्रत्येकाने तीन वस्तू घरी न्यायच्या आहेत. एक शिवलेली वही, एक जुजबंदीचे पुस्तक आणि आपल्या नावाचा एक ठसा. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिहा. खाली गाव लिहा, तालुका लिहा आणि आजची तारीख घाला. तारीख विसरू नका. शंभर वर्षांनी ती वही कोणाच्या हाती लागली, तर हे कोणी लिहिले आणि केव्हा लिहिले, हे त्याला कळले पाहिजे.

भाषण पुरे झाले. ज्यांना सुई ओवायला त्रास होतो त्यांनी पुढे उजेडात या. प्रत्येकाने आठ कागद मोजून घ्या आणि पहिली घडी घाला.